रामधन नाईकाचा प्रश्न

पांढरकवडा, सोमवार, १७ एप्रिल १९६१

तांड्याच्या रामधन नाईकाला आज दुपारी अटक झाली. ठाण्यातल्या हवालदारानेच सांगितलं, वर हसून म्हणाला, "बातमीदारसाहेब, तुमी तं आमचं अर्धं काम करून टाकलं."

शुक्रवारी मी जळालेलं जंगल बघायला गेलो होतो. नाईक राखेत उभा होता. दोन्ही हात पसरून त्याने मला विचारलं, "आमी जाळलं जंगल?" नागपूरच्या इंग्रजी वर्तमानपत्राला बातमी लिहिताना त्याचे शब्द मी अवतरणचिन्हांत घातले, पण प्रश्नचिन्ह अवतरण बंद केल्यावर टाकलं. त्यामुळे छापून आलं ते असं, की त्याने कबुली दिली आणि शंका फक्त मला आहे.

छापखान्याची चूक असेल म्हणून माझी कार्बन प्रत काढली. नाही, चिन्ह मीच बाहेर टाकलंय. बातमी पाचच्या बसने धाडायची होती, हे काय कारण झालं? याआधी किती जणांचं असं झालं असेल?

संध्याकाळी नाईकाची बायको दारात आली. "भाऊ, त्याईनं तं तुमाले इचारलं होतं. मंग तुमी जबाब काहून नाही देला?" ते पसरलेले हात डोळ्यांपुढून हलत नाहीत.

उद्या अकराला त्याला मॅजिस्ट्रेटपुढे उभं करतील. दाखवायला माझ्याकडे कागद नाही, कार्बन प्रतीतही तीच चूक आहे. त्याने विचारलं होतं, एवढं मी तोंडी सांगणार, आणि साहेब छापलेलं पत्र पुढे करून मला ते मोठ्याने वाचायला लावतील.