नाश्ताच नाही, तर गोळी कशी?

१ तारीख, सकाळी ६
मोबाइलवरच्या व्हिडिओवाल्याचं ऐकून आजपासून सोळा तास उपाशी, आठ तास खाणं. दुपारी बारा ते रात्री आठ. एकोणीसला मेडिकल आहे. बी.पी. एकशे चाळीसच्या वर गेलं की टॉवर क्रेनची केबिन बंद. सध्या एकशे सेहेचाळीस. बावीस वर्षं त्या खुर्चीत बसलोय, मी उतरणार नाही. डॉक्टर म्हणे, मीठ कमी करा, गोळी चुकवू नका. एवढं शिकून एवढंच?

१ तारीख, ९:३०
भूक. खालून मेहुणा वॉकीटॉकीवर विचारतो, भाऊजी, आवाज का बसलाय? खालून हातानं इशारे देणारा माझा सिग्नलमन आहे तो. क्रेनचं लायसन्स त्याच्याकडेही आहे, आणि डोळा माझ्या खुर्चीवर.

३ तारीख
लेकीनं विचारलं, गोळी घेतली का. चिठ्ठीवर स्पष्ट आहे : नाश्त्यानंतर एक. नाश्ता बंद, म्हणजे गोळी बंद. ती म्हणाली, मग जेवणानंतर घ्या. का घेऊ? सिग्नल डावीकडचा असताना मी मनानं लोड उजवीकडे नेतो का? लेखी म्हणजे लेखी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि बापाला अक्कल शिकवते!

६ तारीख
चार दिवस पोट साफ नाही. डोकं भणभणतंय. व्हिडिओवाला म्हणतो, पोटातल्या चांगल्या जंतूंना खायला घाला. घातलं. कच्चा कोबी, उकडलेल्या शेंगा, अर्धा लिटर दही. एका बैठकीत.

७ तारीख
जंतू कृतघ्न निघाले. दोनशे दहा पायऱ्यांची शिडी आज तीनदा उतरलो. दर वेळी काँक्रीटची बकेट आधी जमिनीला टेकवायची, मग पळायचं. फोरमन बोंबलत होता. त्याला म्हणावं, तू ये वर आणि धरून दाखव. मेहुणा हसत होता. मी पाहिलं.

१२ तारीख
वजन तीन किलो कमी! बी.पी. एकशे चोपन्न. मशीन भिकार आहे. बायको म्हणाली, शेजारीण आत्ताच मोजून गेली, तिचं बरोबर आलं. शेजारणीला काय कळतंय?

१८ तारीख, सकाळी
एकशे बासष्ट. पट्टा सैल होता. पट्टा आवळला, एकशे सहासष्ट. बायकोनं गोळी आणि पाणी समोर ठेवलं. पाणी प्यायलो. अठरा दिवसांची शिस्त एका गोळीसाठी मोडू?
खरं सांगायचं तर घाबरलोय. इथे कोण वाचतंय. खाली उभं राहून करण्यासारखं मला काहीच येत नाही.

१९ तारीख
एकशे बहात्तर. डॉक्टरांनी गोळीबद्दल विचारलं. मी नियम समजावला. त्यांनी चिठ्ठी ओढून घेतली, 'नाश्त्यानंतर' खोडलं आणि 'रोज' लिहिलं. अरे, मग हे आधी लिहायला काय हात मोडले होते? संताप संताप झाला.
तीन महिने केबिन बंद.

२२ तारीख
मेहुणा वर. मी खाली, सिग्नलमन. दिवसभर मान वर करून डावीकडे, उजवीकडे, सावकाश. त्यानं एकही लोड झुलू दिला नाही. एक चूक सापडली असती तर बरं वाटलं असतं.
सव्वाबाराला वॉकीटॉकी खरखरला. भाऊजी, ताई विचारतेय, गोळी घेतली का? सगळ्या साइटनं ऐकलं. फोरमननं काम थांबवलं, माझ्याकडे बघत उभा राहिला.
घेतली, म्हणालो. मग बकेट वर गेली.