अंबाडीचा वाख घातलेले छत

सर, आपल्या चिरंजीवांनी शाळेच्या स्मरणिकेत लिहिले आहे की, तिथल्या व्हरांड्यावर आपण ओतलेले छत भारचाचणीच्या दिवशीच निकामी ठरले. हे विधान चूक आहे. छताला भेग पडली. छत निकामी ठरले नाही. या दोहोंतील भेद आपणच मला शिकवला आणि निवृत्तीपर्यंत मी तोच तंत्रनिकेतनात शिकवीत आलो.

नांदुरा तालुक्यातील ते गाव मला अजून दिसते. अंगणात अंबाडीचा वाख, म्हणजे सालीचा धागा, वाळतो आहे आणि दोर वळणाऱ्या बाई आपल्यावर रागावल्या आहेत. कारण त्यांनी सोललेला लांबसडक वाख आपण बोटाच्या पेराएवढा कापीत बसला आहात. "सर, येवढा चांगला वाख तोडून काऊन राह्यले? दोराले लांबच लागते." आपण म्हणता, "दोर वळायचा नाही, बाई. लांब ठेवला तर कालवताना गोळे होतात, आणि गोळा तिथे काँक्रीट पोकळ." "मंग पयलेच सांगाचं होतं. मी काय नवरीच्या वेणीसाठी सोलला का?"

चाचणीला वाळूची पोती रचली आणि छत खालून चिरले. गवंडी हसून साथीदाराला म्हणाला, "सरचं छत तं उललं बे." आपण मला शिडीवर चढवून भेगेत पाहायला लावलेत. बारीक धागे दोन्ही काठ धरून होते. "धागा फार घट्ट चिकटला तर तुटतो, चिकटलाच नाही तर निसटतो. तो ओढला जात जात सुटला पाहिजे. भार सळया पेलतील. याने भेग रुंद होऊ द्यायची नाही, एवढेच." पोती उतरवल्यावर भेग जवळजवळ मिटली. चिरंजीव त्या दिवशी आजोळी, मेहकरला होते.

गेल्या आठवड्यात सरपंचबाईंनी मला तेच छत पाहायला बोलावले. भेगेची कड हातोडीने फोडली. तुकडा टोस्टसारखा मोडला. आतला धागा चिमटीत धरला, त्याचा भुगा झाला. सिमेंटमधील क्षाराने आणि झिरपत्या पाण्याने तो खाल्ला आहे; सळयाही गंजल्या आहेत. धाग्याची लांबी आपण पाहिलीत, पकड पाहिलीत. त्याचे आयुष्य पाहायला आपल्यापाशी वेळ नव्हता. हे मी सरपंचबाईंना समजावू लागलो. त्या म्हणाल्या, "ते सगळं बराबर आहे काका. पोट्टे खाली बसवाचे का नाही, तेवढंच सांगा."

"बसवू नका. पाडा," मी म्हणालो.

चिरंजीवांना दुरुस्ती पाठवणार होतो. आता पाठवणार नाही. छत पाडल्यावर गावाला त्यांचेच वाक्य खरे वाटेल, आणि माझ्या व्याख्येने त्यात काही फरक पडणार नाही. आपल्यापर्यंतही हे पोचायचे नाही. तरी तिथी तेवढ्या शुद्ध असाव्यात.

ओतकाम: संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी. स्मरणिकेत पोळा आहे; पोळ्याला अंबाडी शेतात उभी असते.

भारचाचणी: होळीच्या आदल्या दिवशी, पाडव्याला नव्हे.

आपले निधन: त्या होळीनंतरच्याच वैशाखात, श्रावणात नव्हे. छताने एकही पावसाळा पाहिला नव्हता.

पाडकाम: येत्या सोमवारी. गावाने शनिवार ठरवला होता. मधला रविवार मी मागून घेतला. कशासाठी, ते मला त्यांना सांगता आले नाही.