उलट्या घडीचा पक्षी

विसराळू बंधुराजांस,

पत्र कोणाचं हे बघायला शेवटच्या ओळीवर उडी मारू नकोस. तिथून परत येईपर्यंत कशाला गेला होतास तेच विसरशील. म्हणून आधीच सांगून ठेवते. मी तुझी थोरली बहीण. सख्खी. तुझ्या नाकाच्या शेंड्यावर जो डाग आहे ना, तो आपल्या लाँड्रीतली इस्त्री तापली का हे तू हुंगून पाहिलंस तेव्हाचा. आरशात बघ, म्हणजे ओळख पटेल.

अनेक आशीर्वाद. तुझा गुडघा कसा आहे? डावा की उजवा हे आठवत नसेल तर दोन्हींची खबर कळव. भावजयीचा खोकला थांबला का? मागच्या पत्राचं उत्तर आलं नाही म्हणून मी रागावलेली नाही. उत्तर तू लिहिलंस, पाकिटात घातलंस, पाकीट कोटाच्या खिशात ठेवलंस आणि कोट धुवायला टाकलास, हे मला इथे बसून दिसतं. आमच्याकडे सगळे बरे आहेत. म्हणजे जेवतात, झोपतात आणि एकमेकांवर ओरडतात.

हे पत्र माझी नात लिहून घेते आहे. झिपरी. (आजी, झिपरी लिहू नकोस, म्हणते. मी कुठे लिहिते आहे? तूच लिहिते आहेस.) मला अक्षर कसं ते माहीत नाही, हे एवढं तरी तुझ्या लक्षात असेल. जन्मभर कागदाशी माझा संबंध आला नाही, आणि आता म्हातारपणी आला तो थेट कापायला. ही सगळी हकीकत तुला सांगायलाच हवी, कारण तिच्या शेवटी तू आहेस. मधेच डुलकी घेऊ नकोस.

झिपरी ज्या छापखान्यात कामाला होती तो बंद पडला हे मागच्या पत्रात होतं. (कोटाचा खिसा बघ.) मालक भला माणूस. निरोप देताना त्याने हिला एक हातयंत्र दिलं. दिसायला उसाच्या चरकाचं नातवंड. दोन रूळ आणि एक दांडा. लोखंडी धारेचा साचा असतो, पक्ष्याचा, पानाचा, अंड्याचा, हवा तो. तो जाड कागदावर ठेवायचा, वरखाली पाट्या लावायच्या, रुळांत सरकवायचं आणि दांडा फिरवायचा. पलीकडून कागद बाहेर येतो तो पक्षी होऊन. यातून हिने शुभेच्छापत्रं करायला घेतली, हातची, घड्यांची. एक उघडलं की आत जिना उभा राहतो. एक पंख्यासारखं उलगडत जातं आणि शेवटच्या घडीत मांजर निघतं. मी म्हटलं, एवढ्या कागदात चार पिशव्या झाल्या असत्या. पण दांडा कोण फिरवणार? हिचे हात म्हणजे काडेपेटीतल्या काड्या. मी जन्मभर ओल्या चादरी पिळल्या आहेत. तेव्हा दांडा माझ्याकडे आला, आणि खरं सांगते, बंधुराज, असं सुख मला कपडे पिळण्यात कधी मिळालं नव्हतं. पिळलेल्या चादरीतून कधी पक्षी निघाला आहे का?

आता घरात कोणती वस्तू कुठे आहे हे विचारायची सोय उरली नाही. सूनबाईचं लाटणं घड्या दाबायला गेलं. ती रोज शोधते, रोज तिला ते दोऱ्यांच्या डब्यात सापडतं, आणि रोज ती मला नाही, लाटण्याला बोलते. चमकीची डबी एकदा पंख्याखाली उघडी राहिली. तुझा भाचा डोक्याला तेल लावून आरशापुढे उभा होता. तो तसाच ऑफिसला गेला. बैठकीत वरचा दिवा लागला तेव्हा म्हणे याचं टक्कल असं काही लखलखलं, की साहेबांनी पहिल्यांदाच त्याचं बोलणं मध्ये न तोडता ऐकून घेतलं. त्याबद्दल चमकीचे आभार मानायचे सोडून त्याने संध्याकाळी डबी कपाटावर टाकली.

मग विजेच्या बिलाचं झालं. (हे सांगू नकोस, असं झिपरीचं म्हणणं. सांगणार.) साचा बरोबर बसला का हे बघायला आधी एखाद्या रद्दी कागदावर कापून बघायचं असतं. मला रद्दी आणि बिल यांतला फरक काय कळणार? दोन्हींवर मुंग्या. मी त्यातून अंडं काढलं, आणि सुबक निघालं म्हणून कपाटाच्या दारावर चिकटवलं. तुझा भाचा घडी न उघडताच ते बिल घेऊन पैसे भरायच्या खिडकीवर जाऊन उभा राहिला. आतल्या बाईंनी कागद उलगडला, भोकातून याच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "यातलं नेमकं हवं तेच कोणी खाल्लं, साहेब?" तो घरी येऊन कपाटाचं दारच काढायला निघाला होता.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पुढचं गेलं नाही.

आमच्या रस्त्याच्या टोकाला बाळंतपणाचा दवाखाना आहे. तिथल्या मोठ्या नर्सबाईंनी झिपरीची पत्रं कुठेतरी पाहिली आणि निरोप धाडला, की बाळ झालं की आईच्या हातात द्यायला एक छानसं पत्र करून आण. एक खोकंभर नमुना म्हणून कर. आवडला तर दर महिन्याचं काम तुझं. दर महिन्याचं! बाळं काही बंद पडणाऱ्या छापखान्यासारखी नसतात. झिपरी रात्रंदिवस त्याच नादात. निळा जाड कागद, त्यावर घरट्यातला पक्षी, पायांपाशी जोडलेला आणि बाकी सगळा कापून सुटा. घडी आतल्या बाजूला घालायची, म्हणजे पत्र मिटलं की पक्षी आत निजतो, आणि आईने उघडलं की डोकं वर काढतो. शेजारी "आलास का रे बाळा" एवढेच शब्द. (मुलगी झाली तर "आलीस का गं", त्याचा वेगळा गठ्ठा.) कापायचं काम माझं, घड्यांचं तिचं, असं ठरलेलं. ठरलेलं होतं हे मी नाकारत नाही.

एका दुपारी ही फीत आणायला बाजारात गेली. कागद कापून झालेले, टेबलावर रास पडलेली. पोर परत येऊन कधी घड्या घालणार, कधी जेवणार? म्हटलं आपण हातासरशी घालून ठेवू. आता तू सांग, आपल्या लाँड्रीत घडी कशी घालायची? कॉलर बाहेर, छाती बाहेर, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे चांगली बाजू. चांगली बाजू आत दडवून घडी घातली तर बाबा काय करायचे, ते तुझ्या कानाला तरी आठवत असेल. (तू घडी नीट घालायचास, पण शर्ट भलत्याच गिऱ्हाइकाला द्यायचास. वकिलांनी आठवडाभर पहिलवानाचा सदरा घातला होता.) माझ्या हाताला दुसरी घडी येतच नाही. मी एकूण एक पत्र पक्षी बाहेर ठेवून घडी केलं, वरून लाटण्याने असं दाबलं की विचारू नकोस, आणि गठ्ठे लावून पाय पसरून बसले. शाबासकीची वाट बघत.

झिपरी आली. बघितलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्या माणसाला मी पुरून उरते. तिने एक पत्र उचलून उलट घडी घालून पाहिली. जाड कागदाची घडी एकदा मोडली की तिथे रंग फुटतो, पांढरी रेघ उठते, ती जात नाही. पक्ष्याच्या पायांखालून आरपार पांढरी रेघ. तिने सगळं खोक्यात भरलं, खोकं पलंगाखाली सारलं, यंत्रावर जुनं पांघरूण टाकलं आणि तुला फोन केला. मामाआजोबा, तुमच्या शीतगृहातली ती फोनवरची नोकरी अजून आहे का, मी येते म्हणून.

तेव्हा तू आहेस तो इथे. तूच तिला ती जागा बघून दिलीस, तुझे उपकार आहेत. काचेच्या खोलीत बसायचं, फोन उचलायचा आणि कोणाची बटाट्याची पोती कुठल्या दालनात गारठत आहेत ते सांगायचं. चांगलं काम आहे. पक्कं काम आहे. सूनबाईने बॅगसुद्धा काढून झटकली. मी काही बोलले नाही. (बोललीस, रोज बोलतेस, असं ही म्हणते आहे. बरं, थोडं बोलले.) मी एवढंच म्हटलं, की आपल्या घरातलं कोणी बटाट्यांसाठी इतक्या लांब गेलेलं नाही.

आता पुरे. हिचा हात दुखतो आहे. आणि डोळ्यांत कचरा गेला म्हणते, तो मघापासून जातोच आहे. भावजयीला आठवण सांग. तिला मी आठवते. ती तुझ्यासारखी नाही.

तुझी, नाकाच्या डागाची साक्षीदार,
थोरली

ता. क. मामाआजोबा, ही ओळ माझी, आजीची नाही. कृपा करून तुमच्या साहेबांना या आठवड्यातच सांगून ठेवा, मी महिना संपता येते. विसरू नका. आजीचं मनावर घेऊ नका.

ता. क. दुसरा. अक्षर बदललेलं दिसलं का? पाकीट अजून चिकटवलेलं नव्हतं. झिपरी पोस्टाचं तिकीट आणायला गेली, आणि मी पत्र घेऊन खालच्या मजल्यावरच्या शिंप्याकडे उतरले. हा तोंडात टाचण्या धरून लिहितो, तेव्हा मध्ये ठिपके दिसले तर त्या टोचल्या समज. तो म्हणतो, मी आत्ता टाचण्या काढल्या आहेत. लिही रे, तुला कोणी विचारलं?

खरी गोष्ट आता ऐक. परवा मी गुडघा दुखतो म्हणून दवाखान्यात जाते असं घरात सांगितलं. सूनबाई म्हणाली, कुठल्या? मी म्हटलं, जवळच्या. बाळंतपणाच्या दवाखान्यात गुडघा घेऊन जाणारी मी पहिलीच असेन. उशीच्या अभ्र्यात पलंगाखालच्या खोक्यातली झिपरीची पत्रं भरली आणि शिंप्याला बरोबर घेतलं. (तो दारातच थांबला. आत सगळ्या बायका म्हणून लाजला. हे तो लिहीत नव्हता, मी लिहायला लावलं.)

मोठ्या नर्सबाई घाईत होत्या. त्यांनी पत्र घेतलं आणि उघडायला गेल्या. मी म्हटलं, "अहो, उघडायचं नाही. ठेवायचं." टेबलावर ठेवलं. घडी बाहेरची ना, तंबूसारखं आपल्या पायांवर उभं राहिलं, आणि वरच्या शेंड्यावर पक्षी, छपरावर येऊन बसल्यासारखा. बाईंनी मान वाकडी करून पाहिलं. मग त्यांनी ते शेजारच्या खोलीत एका बाळंतिणीच्या उशाशी नेऊन ठेवलं. त्या पोरीच्या एका हाताला सुई टोचलेली, दुसऱ्या हातावर बाळ. तिने कुठल्या हाताने पत्र उघडलं असतं, तूच सांग. पडल्यापडल्या तिने पक्ष्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, "हा आमच्याआधीच येऊन बसला होय?" आणि हसली, आणि टाके दुखले म्हणून "हसवू नका हो" म्हणत परत हसली. बाळाने बघितलं नाही. त्याला अजून कशातच गोडी नव्हती.

नर्सबाईंनी अभ्रा ठेवून घेतला. एक पक्षी स्वतःच्या टेबलावर उभा केला, येणाऱ्याजाणाऱ्याकडे नाही, आपल्याकडे तोंड करून. म्हणाल्या, "आजी, मला आवडलं, पण शेवटचा शब्द मोठ्या डॉक्टरांचा. ते गावाहून आले की दाखवते." निरोप शिंप्याच्या फोनवर येणार. म्हणजे पक्कं काहीच नाही. म्हणून झिपरीला मी एक अक्षर सांगितलेलं नाही. पोरीची आशा एकदा माझ्याच लाटण्याखाली चेपली आहे. आता ती उठवायची तर पक्कं कळल्यावरच.

आता तुझं काम. साहेबांना तू अजून काही सांगितलं नसशील, याची मला खात्री आहे. तसाच राहा. निरोप येईपर्यंत विसर. जन्मभर तू नको ते विसरलास, मी तुला बोल लावले, ते सगळे आज परत घेते. फक्त एवढी एक गोष्ट मन लावून विसर. डॉक्टर नाही म्हणाले तर मी स्वतः फोनवर ओरडून तुला आठवण करीन, आणि बटाटे कुठे पळून जात नाहीत.

उत्तर पत्राने देऊ नकोस. इथे आलेलं प्रत्येक पत्र झिपरीच वाचून दाखवते. तुमच्याकडून येणाऱ्या बसच्या ड्रायव्हरबरोबर खाऊ पाठव, त्यावरून मी समजेन. साहेबांना सांगून बसला असशील तर खारे शेंगदाणे पाठव. विसरला असशील तर तुझ्या घराजवळच्या बेकरीतला मऊ केक, मनुका घातलेला. आणि कशासाठी काय पाठवायचं होतं हेच विसरलास तर डोकं खाजवत बसू नकोस. केकच पाठव, मोठा, कारण शेंगदाणे चावायला मला दात नाहीत.