पडद्याबाहेरचा पाहुणा

शनिवार, ५ ऑक्टोबर

दादा आला होता! माझा सख्खा भाऊ, कियोहिकोदादा. आणि आला कसा — सहलीच्या घोळक्यात, गळ्यात पाहुण्यांची पिवळी फीत, टोपी डोळ्यांवर ओढलेली.

इनुईबाई दर शनिवारी अशी मंडळी आणतात. ओसाकातली आमची ही जुनी व्यापारी पेठ दाखवतात — औषधवाल्यांची गल्ली, विटांची बँक, मग आमचं कोंबूचं दुकान. दोन काचेच्या इमारतींमध्ये दबलेलं लाकडी दुकान! सगळे आधी फोटो काढतात, मग दारावरचा निळा पडदा सारून आत येतात. समोरच बाबा मांडी घालून कोंबूच्या, म्हणजे समुद्राच्या पाल्याच्या, वाळक्या पट्ट्या सुरीने तासत असतात. प्रत्येकाला चिमूटभर कीस चाखायला मिळतो.

आज सगळे आत आले. दादा रस्त्यापलीकडेच.

"अहो, तुम्ही का बाहेर? या की!" बाईंनी हाक मारली.

"इथूनच दिसतंय," तो म्हणाला.

आवाज तोच! बाबांची सुरी थांबली. "धार गेली," एवढंच म्हणाले आणि सुरी पाजळायला घेतली. सुटले मी. त्यांना हल्ली लांबचं दिसत नाही, तेच बरं.

रविवार, ६ ऑक्टोबर

मासातोंना सांगितलं. नवऱ्यापासून किती लपवणार? ह्यांचा चेहरा पडला. "वाटा मागायला आले असतील," म्हणाले.

हे आमच्याकडे नोकर म्हणून लागले. बाबांनी ह्यांची जीभ पारखली, हात पारखला, आणि दादाला डावलून मी, दुकान, घराचं नाव — सगळं ह्यांच्या पदरात टाकलं. आमच्या पेठेत नवीन नाही ते. पण दादा त्या दिवशी दारात उभा राहून ओरडला होता, "या पडद्याखालून पुन्हा आत आलो तर बापाचं नाव लावणार नाही!" बाबांनी मान वर केली नाही. तेव्हापासून घरात त्याचं नाव काढायची सोय नाही.

आई गेली तेव्हा तो पडदा भर दिवसा उतरवला होता. घरात कुणी गेलं तरच उतरतो तो. दादाला कळवायचं धाडस मला झालं नाही.

शनिवार, १२ ऑक्टोबर

पुन्हा आला. पुन्हा पलीकडेच.

इनुईबाईंनी नेमका आज तो किस्सा काढला. "या पेठेत मुलगी झाली की आनंदाचा लाल भात शिजायचा! मुलगा काय, जसा निघेल तसा गळ्यात पडतो. जावई मात्र निवडून घेता येतो!" बाईंचा आवाज खणखणीत, रस्त्यापार जाणारा. सगळे खो खो हसले. दादाही हसला. मेलं ते हसणं! बाईंच्या तोंडावर हात ठेवावा असं वाटलं. त्यांना बिचारीला काय माहीत.

आणि बाबा म्हणाले, "बाहेर कोण राहिलंय? त्यालाही द्या." कागदावर कीस ठेवला — पांढरा, अगदी आतल्या गाभ्याचा. पाहुण्यांना कधी देत नाहीत तो. आणि घेऊन उठले कोण? हे!

परत आले ते थेट आत गेले. मी मागच्या खोलीत गाठलं. "काय म्हणाला?"

"मी विचारलं, तुम्हाला हवंय तरी काय? तर म्हणाले, हेच. चव तीच आहे, मासातो. बिघडवली नाहीस तू."

बुधवार, १६ ऑक्टोबर

भांडण. हे म्हणतात, "मी हाताला धरून आत आणतो." मी म्हटलं, "आणि चार लोकांत बाबांनी हाकललं तर? बाबांचं काळीज आधीच नाजूक!" "मग तू विचार बाबांना." माझी छाती नाही होत. भित्री आहे मी.

शनिवार, १९ ऑक्टोबर

रस्ता ओलांडून गेले शेवटी. "दादा, चल ना आत."

"बोलून बसलोय फुमिए. आता बापासमोर शब्द गिळू? त्यांनाच नाही चालायचं ते." मग म्हणाला, "पुढच्या शनिवारी शेवटची फेरी. नंतर थेट वसंतात, बाई सांगत होत्या." दुकानाकडे बघत राहिला. "म्हातारा फार वाकला गं."

आतून बाबा कडाडले, "फुमिए! गिऱ्हाईक ताटकळलंय!"

वसंतापर्यंत बाबा असतील का? हा विचार पाठ सोडत नाही.

शुक्रवार, २५ ऑक्टोबर

बाबा दिवसभर तुसडे. संध्याकाळी ह्यांना म्हणाले, "ती फिरणारी मंडळी उद्या येणार ना?" कधी विचारत नाहीत! ओळखलं असेल का? उद्या त्याला रस्त्यावरूनच हाकलणार असतील तर?

शनिवार, २६ ऑक्टोबर

कोपऱ्यावर इनुईबाईंचा आवाज ऐकू आला आणि बाबा उठले. स्टुलावर चढले. धरायला गेले तर मला झिडकारलं. भर दिवसा पडदा काढला! समोरच्या बँकेचा रखवालदार टोपी काढून मान खाली घालून उभा राहिला — त्याला वाटलं, आमच्याकडे कुणी गेलं.

बाबांनी पडद्याची घडी घातली, मांडीवर ठेवली. रस्त्याकडे बघून मोठ्याने म्हणाले, "मळला होता. आज दारावर काही नाही."

दादा आत बसलाय, पडद्याखालून न येता. बाबा तासतायत, तो खातोय.