‘मन लागत नाही’ हे कारण

लोहारा, मंगळवार संध्याकाळ

कारखान्यात रजा मंजूर करण्याचं काम माझ्याकडे; आज एक अर्ज मी चुकीने नामंजूर केला, म्हणून लिहिते आहे. शिलाईवर असलेल्या सुनंदाने कारण दिलं होतं, ‘मन लागत नाही’. मी लाल शाईत ‘हा आजार नव्हे’ असं खरडलं. आणि मी मानसशास्त्राची बी.ए.

ती येऊन म्हणाली, "मॅडम, ताप लिहिला असता तं रजा भेटली असती. खोटं कायले लिहू? तीन हप्त्यांपासून झोप नाही. मशीनखाली बोट जाईन."

ती लाल शाई डोळ्यांपुढून हलेना. आजारांची यादी मीच केलेली, तिच्यात मन नाहीच. ‘मनाचे आजार’ असं त्यात लिहून यादी मालकांपुढे ठेवली.

"बाई, उद्या सगळेच लिहितील."

"मग सगळ्यांना डॉक्टरकडे पाठवू."

मालक हसले, यादीवर सही केली.

सुनंदाला दिलं: आठ दिवसांची मंजूर रजा, सरकारी दवाखान्यातल्या मनोविकारतज्ज्ञांच्या नावे चिठ्ठी.