राखणीला ठेवलेली पेटी

धाकट्या, तुला एक थोरली बहीण आहे, ती अजून जिवंत आहे आणि तिच्या घरात फोन आहे, या तिन्ही गोष्टी तू एकदम विसरलास, म्हणून हे पत्र. आशीर्वाद घे. गुडघा कसा आहे, जेवतोस का, हे विचारत नाही, तुझं उत्तर मला पाठ आहे: "ठीक." भावजय जाऊन तीन महिने झाले आणि तू या एका शब्दावर दिवस काढतोयस, असं भाचा, तुझा लेक, सांगतो.

मला अक्षर येत नाही, तेव्हा हे लिहून घेतायत दवाखान्यातल्या मनाच्या डॉक्टरीणबाई. आमचे यजमान गेल्यापासून दर मंगळवारी मी त्यांच्यासमोर बसून बोलते आणि त्या ऐकतात. ऐकण्याचा पगार मिळतो हे आधी कळलं असतं तर यजमानांनी घर बसल्याजागी चालवलं असतं. (बाई, हसू नका, लिहा.)

हे सगळं नातीमुळे. ती पेशींवर संशोधन करते. माणूस दुःखात असताना त्याच्या दंडाची मसुराएवढी कातडी काढायची आणि त्यातल्या पेशी वाढवायच्या. मग सहा महिने त्याला बोलतं करून पुन्हा तेवढीच कातडी काढायची. मन हलकं झालेलं पेशींना कळतं का, हे तिला बघायचंय. माझ्या पेशी बशीत वाढल्या. त्यांना गुलाबी पाणी, तेही एक दिवसाआड बदलून. बाळंतपणातसुद्धा माझी एवढी बडदास्त कुणी ठेवली नाही.

पुढे त्या गोठवून दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवायच्या होत्या. ते काम नातजावयाचं. कुठली पेटी, कुठल्या गाडीने, किती थंड, हे तो झोपेतही सांगेल. नियम असा की पेटी एकटी सोडायची नाही. त्या मंगळवारी गाडी मागच्या फाटकाशी अडकली आणि मी बाईंच्या खोलीबाहेर बाकावर बसलेली. त्याने पेटी माझ्या शेजारी ठेवली. "आजी, पाच मिनिटं राखण करा. तुमचाच माल आहे." पेटीवर मोठी लाल अक्षरं होती. मला वाटलं, पत्ता असेल.

पाच मिनिटांचा पाऊण तास झाला. मी झाकण जरासं उचललं. आत धूर सोडणारा बर्फ, त्यात करंगळीएवढी नळी आणि नळीत मी. धाकट्या, ती मी कुठली होते? यजमान जाऊन महिना न झालेली, दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसणारी. तिला असं बर्फात टाकून धाडायचं? मला बघवेना. पदराने नळी उचलली, मुठीत धरली, वरून शाल घेतली आणि तिच्याशी चार शब्द बोलले. (काय बोलले ते लिहू नका.) नातजावई परतला तेव्हा नळी छान कोमट झाली होती. मी शाबासकीची वाट बघत होते.

पेशी मेल्या. नातजावई बाकावर बसला तो उठेचना. नात धावत आली. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने माझी बर्फाने पांढरी पडलेली बोटं कोमट पाण्यात धरली आणि विचारलं, "दुखतंय का गं?" तिच्या दोन वर्षांच्या कामातला एक माणूस गेला होता. मी म्हटलं, दुसरी कातडी घे, हवी तिथली घे. तर म्हणाली, "आजी, तेव्हाचं दुःख आता कुठून आणू?" मी शोधलं, धाकट्या. खरंच शोधलं. होतं, पण तेवढं नव्हतं. बोलून बोलून झिजलं होतं. मला त्याची जराशी लाजही वाटली.

खालचा अंगठा माझाच.

ता. क. मुद्द्याचं राहिलं. नातीला आता असा माणूस हवाय, ज्याचं दुःख ताजं आहे आणि जो कुणापाशी बोललेला नाही. मी तुझं नाव सांगितलंय. मसुराएवढीच कातडी. सहा महिने इथे राहायचं, मंगळवारी बाईंकडे बसायचं. तुझ्या भाचीच्या लेकीसाठी एवढं कर.

आणखी ता. क. बाई पेन खाली ठेवून बसल्यात. म्हणतात, खोटं असेल तर पुढे लिहिणार नाही. बरं. ती जागा परवाच भरली, एक निवृत्त टपालवाला मिळाला. तुझी कातडी कुणाला नकोय. मला तू हवायस. भाचा शनिवारी गाडीत बसवून देईल. येताना परसातल्या केळीचा घड आण, अगदी हिरवा कापून. शेवटचं केळं पिकून संपेपर्यंत परत जायचं नाव काढायचं नाही.