रिकामी फेरी

सोमवार, ४ मार्च

कायदा लागू झाला. टपालाच्या गाडीचा कुठलाही अपघात यापुढे कपाटात राहणार नाही – कुठं झाला, कोणाला काय लागलं, चालकानं गाडीबद्दल आधी काय तक्रारी केल्या होत्या, दुरुस्ती झाली की नाही, सगळं जाहीर. मागच्या पाच वर्षांचंसुद्धा. साहेब परिपत्रक माझ्या टेबलावर ठेवत म्हणाले, "घ्या बाई, आता आपली धुणी चव्हाट्यावर." फिटरकाका दारातच होते. म्हणाले, "धुतली असती तर वाळत घालायला लाज कसली?"

डेपोत सगळे हसले. मीही. मग भोवरा आठवला आणि हसू तोंडातच राहिलं.

मंगळवार, ५ मार्च

मी कामावर निघायच्या आतच भावजय आली. बातमी तिनं वाचलेली. चप्पल काढायच्या आधीच म्हणाली, "ताई, आता कळेल ना सगळ्यांना, ते झोपले नव्हते म्हणून?"

तीन वर्षं झाली. माझा धाकटा भाऊ, एका जागी टिकायचा नाही म्हणून घरात भोवरा. उतारावर टपालाची गाडी घेऊन भिंतीवर आदळला आणि गेला. चौकशीत एका ओळीत आटोपलं – चालकास डुलकी लागली. ब्रेक लागत नाहीत असं त्यानं तीनदा लेखी दिलं होतं. ते कागद कोणी उघडले नाहीत. त्याच्या मुलीला शाळेत 'झोपाळूची पोरगी' म्हणतात. आठ वर्षांची आहे. वर्गात जांभई आली तर तोंड दाबून धरते.

यादीत त्याचा अपघात आला की तक्रारी आपोआप शेजारी येतील. भावजयीला एवढंच हवंय. मलाही.

शनिवार, ९ मार्च

फेऱ्यांची रजिस्टरं मुख्य कार्यालयात गेली. पाच वर्षं, सगळी माझ्या हातची. गठ्ठा बांधताना भोवऱ्याच्या अपघाताच्या महिन्याचं पान उघडलं नाही. धीरच झाला नाही.

बुधवार, २० मार्च

यादी आली. भोवरा नाही.

तीनदा वाचली. त्या महिन्यात एकही अपघात नाही. कार्यालयात फोन लावला. पलीकडची मुलगी आवाजावरून नवी असावी, पण समजूतदार. म्हणाली, "मॅडम, त्या फेरीत टपालच नव्हतं. रजिस्टरात 'रिकामी' लिहिलंय. गाडीत टपाल नसेल तर तो अपघात या कायद्यात मोजत नाहीत."

कोणी लिहिलंय, असं मी विचारलं. का विचारलं कोण जाणे!

"सही नीट लागत नाही. पण अक्षर मोत्यासारखं आहे हो."

गुरुवार, २१ मार्च

निदान इथं तरी खरं लिहावं.

परतीच्या फेरीत टपालाची पोती येतात. पोती वजन करायची, मोहोर तपासायची, दोन सह्या घ्यायच्या – पाऊण तास मोडतो. म्हणून आमच्याकडे जुनी रीत: तीनपेक्षा कमी पोती असली तर फेरी 'रिकामी' लिहायची, पोती दुसऱ्या दिवशीच्या ढिगात टाकायची. चालक पाऊण तास आधी मोकळा. टपाल काही हरवत नाही. कोणाचं काय बिघडतं?

भोवऱ्याच्या फेऱ्या तर मी तो पोचायच्या आधीच लिहून ठेवायचे. मुलगी जागी असताना तो घरी पोचावा म्हणून. त्याचा उतारावरून फोन यायचा, "ताई, दोनच आहेत गं." की मी लिहिलंच – रिकामी.

त्या दिवशीही दोनच होती. अपघातानंतर ती पोती माझ्याच टेबलावर आली. एकेक पाकीट झटकून मी त्यातला काचेचा चुरा काढला. वाकलेली पाकिटं हातानं सरळ केली आणि वाटायला पाठवली. कोणाचंही पत्र चुकू दिलं नाही. रजिस्टरातला शब्द मात्र तसाच राहिला.

शुक्रवार, २२ मार्च

साहेबांना सांगितलं, फेरी रिकामी नव्हती असं मी लिहून देणार आहे.

"बाई, स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताय. आणि आमच्याही. सगळ्या डेपोंत हेच चालतं. सगळ्यांच्याच रिकाम्या फेऱ्या उकरतील ते."

"उकरू देत."

"ही रीत काय मी पाडली?"

म्हटलं, "नाही. पण पाळली मी."

ते बराच वेळ पेनाचं टोपण काढत-लावत बसले. मग म्हणाले, "सोमवारपर्यंत विचार करा. भाऊ तर काही परत येत नाही." ते वाईट मनानं बोलले नसावेत.

रविवार, २४ मार्च

भावजयीला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. मी आधी रजिस्टर, पोती, वजन असलं काहीबाही सांगत बसले. शेवटी सरळ म्हटलं, "तो यादीत नाही, ते माझ्यामुळे."

तिचे हात थांबले नाहीत. मुलीच्या फ्रॉकची तिनं दोनदा घडी घातली, दोनदा उलगडली.

"त्या दिवशी पण घरी लवकर यायला मिळावं म्हणूनच लिहिलंत ना?"

"हो."

"रोज मीच त्यांच्या मागं लागायचे. लवकर या, ती वाट बघते म्हणून." मग उरलेले कपडे माझ्याकडे सरकवून म्हणाली, "तुम्ही एकट्या नका घेऊ सगळं. घड्या घाला."

आम्ही घड्या घालत बसलो. रडायचं दोघींनाही सुचलं नाही.

सोमवार, २५ मार्च

लिहून दिलं. निलंबनाचा कागद संध्याकाळच्या आत हातात. फिटरकाका फाटकापर्यंत डबा घेऊन आले. तो मी टेबलावरच विसरले होते.

शुक्रवार, २९ मार्च

घरी. दिवस फार लांब असतो हे माहीतच नव्हतं.

सोमवार, २२ एप्रिल

सुधारित यादी आली. सगळ्या डेपोंतल्या रिकाम्या फेऱ्या तपासल्या, एकोणीस अपघात नव्यानं निघाले. भोवरा आठव्या ओळीत. तक्रारी – तीन. दुरुस्ती – नाही. भावजयीनं त्या ओळीवर बोट ठेवून मुलीला मोठ्यानं वाचायला लावलं. पोरीनं अडखळत वाचलं आणि खेळायला पळाली.

भावजयीचं बोट मग सावकाश खाली सरकत गेलं. पंधराव्या ओळीवर थांबलं. गाडीचा नंबर तोच! भोवऱ्यानंतर चौदा महिन्यांनी, दुसऱ्या डेपोत. ब्रेक लागले नाहीत. रस्ता ओलांडणारी स्त्री, वय एकेचाळीस, मृत.

फिटरकाकांना फोन केला. ते म्हणाले, "टपालाच्या फेरीत अपघात झाला तर गाडी पूर्ण तपासून घ्यावी लागते, ताई. ही रिकाम्या फेरीतली. पत्रा ठोकला, रंग मारला, दिली पाठवून."

फोन ठेवला. भावजयीला सांगितलं. तिनं यादी मिटली नाही. त्याच ओळीकडे बघत म्हणाली,

"ताई, हिच्या घरी कोण असेल?"